शकुंतलेच्या रुळांशेजारून

यवतमाळ,
शुक्रवार, रात्र

प्रिय दोस्ता,

लॉजवर पोचलो, गरम पाण्याने आंघोळ केली, समोरच्या खानावळीत झुणका-भाकर खाल्ली आणि आता पाय लांब करून तुला लिहितोय. आज सायकलने मुर्तिजापूर ते यवतमाळ झालं. शकुंतलेच्या, म्हणजे आपल्या त्या बंद पडलेल्या छोट्या आगगाडीच्या, रुळाने मोजलं तर 113 किलोमीटर, सडकेने साधारण तेवढंच. आजचा दिवस आधी तुलाच सांगायचा होता, कारण वाटेत लाडखेड आहे, तुझ्या आजीचं गाव.

सकाळी सहाला निघालो तेव्हा हँडलवर बोटं बधिर होत होती. उजाडलं तसं दोन्ही बाजूंची वावरं दिसायला लागली. तूर पिवळ्या फुलावर, पऱ्हाटी फुटलेली, हरभरा वीतभर. बाया कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होत्या. एक गोष्ट मी सायकलवर आलो म्हणूनच पाहिली. रस्त्याकडेच्या बाभळींना, साधारण गाडीच्या उंचीवर, कापसाचे झुबके अडकलेले होते. जिनिंगकडे जाणाऱ्या भरगच्च गाड्यांतून काटे तो ओरबाडून घेतात. मैलोन्‌मैल बाभळीच कापूस धरून उभ्या. एक झुबका मी काढून घेतला, सरकीसकट. या पत्रासोबत पाठवतोय.

कारंज्यात तर्री-पोहे खाल्ले. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मगाव, म्हणून गुरुमंदिरात पाच मिनिटं बसलो आणि निघालो. समृद्धी महामार्ग इथून जवळच आहे, पण त्यावर सायकलला बंदी. मला त्याचं वाईट वाटत नाही. जुन्या सडकेवर माणसं भेटतात.

कारंजा सोडून तासभर झाला असेल, मागून ‘टण्ण’ आवाज आला. स्पोक तुटला, तोही मागच्या चाकाचा, चेनच्या बाजूचा. चाक आऊट होऊन ब्रेकला घासायला लागलं. सामान सोळा किलो, त्याचा भार त्याच चाकावर. जादा स्पोक माझ्याकडे होते, पण त्या बाजूचा स्पोक बदलायला गिअरचं फ्रीव्हील काढावं लागतं आणि त्याची चावी माझ्याकडे नव्हती. ब्रेक ढिला केला, शेजारच्या दोन स्पोकांचा ताण थोडा कमी केला आणि सामानासकट चालत पुढचं गाव गाठलं. दीड तास गेला. खरं सांगतो, त्या दीड तासात घरी परत जावं असं दोनदा मनात आलं.

कडुनिंबाखाली एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं दुकान होतं. माझी सायकल बघून म्हणाला, “कोठून आले जी? येकटेच?” आता गावातल्या पोरांकडेही गिअरच्या सायकली आहेत, म्हणून ती चावी त्याच्याकडे होती. एका झटक्यात फ्रीव्हील काढलं, स्पोक ओवला. मग सायकल उलटी करून चाक फिरवत त्याने अंगठ्याचं नख रिमच्या अगदी जवळ धरलं. चाक जिथे नखाला लागायचं, तिथे स्पोकच्या टोकाचं निप्पल पाव वळसा. परत फिरव, परत पाव वळसा. ना स्टँड, ना मोजपट्टी. वीस मिनिटांत चाक असं सरळ झालं की मी पुण्यात पैसे मोजून घेतलं होतं तेव्हाही इतकं सरळ नव्हतं. पैसे विचारले तर म्हणाला, “कायचे पैशे? तुमी पावने.” बळजबरीने पन्नासची नोट ठेवली, तर त्याने पोराला पिटाळून चहा आणवला. तू नेहमी विचारतोस ना, एकटा कशाला जातोस? दोघं असतो तर आपण एकमेकांशीच बोलत बसलो असतो रे.

दारव्ह्यानंतर वारा समोरून आला आणि वेग दहा-बारावर उतरला. शकुंतला यवतमाळहून अचलपूरला जायला वीसेक तास घ्यायची, अंतर 190 किलोमीटर. म्हणजे आज मी बरोबर तिच्याच चालीने आलो.

आणि लाडखेड. रूळ गाजरगवतात बुडालेत. मी गवत बाजूला करून दोन रुळांच्या मधे उभा राहिलो. अडीच फूट, एक ढांग. एवढ्याशा वाटेने वऱ्हाडातला कापूस जायचा, तिकडे मँचेस्टरसाठी, आणि तिचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, 1921 चं. 1994 मध्ये ते काढून डिझेलचं लावलं तेव्हा आपण चौथीत होतो. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात कोळशाची कणी तुझ्या डोळ्यात गेली होती आणि तुझ्या आजीने पदराचं टोक जिभेवर ओलं करून ती अलगद काढली होती, आठवतं? मी घाबरून रडत होतो, तू नाही.

आजीचं घर कुणी घेतलंय, टिनं नवी आहेत. अंगण तेच. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी सुपात ज्वारी पाखडत होती. तुझ्या आजीचं नाव सांगितल्यावर सूप खाली ठेवून तिने माझा हात धरला. तुझ्या आजीच्या शेवटच्या दिवसांत हीच उशाशी बसायची म्हणे. मला पाणी दिलं, गूळ दिला, ‘उन्हं उतरली, आता मुक्काम कर’ म्हणाली. निघताना दोनदा बजावलं, “त्याले म्हना, एकडाव येऊन जाय. म्या हाये तवर.”

मी जसंच्या तसं लिहिलंय. तुझा नंबर मी तिच्या नातवाकडे ठेवलाय.

पुढचा यवतमाळपर्यंतचा चढ अंधारात, दिवा लावून. उद्या कळंबला चिंतामणीच्या पायऱ्या उतरून वर्ध्याकडे जाईन. तू पोळ्याला यायचं बघ. तिकिटं काढलीस की कळव, मी मुर्तिजापूरला घ्यायला येतो. तुझी सायकल आणायची की नाही तेवढं सांग.

तुझाच.