बाबांची पाठ आणि सुटलेली गोळी

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबांच्या मणक्याच्या ऑपरेशननंतरचा एक्स-रे चांगला आलाय, स्क्रू जागेवर आहेत, पायातली कळ गेलीय. तरी बाबा पलंग सोडत नाहीत आणि काका दुसऱ्या ऑपरेशनचं काढून बसलेत. फोनवर हा विषय निघाला की तुम्ही दोघंही टाळता, म्हणून लिहिते.

बाबा, रिटायर झाल्यावर तुम्ही डिप्रेशनची गोळी घेत होतात. तिच्यामुळेच कमाटीबागेतलं फिरणं परत सुरू झालं होतं. ऑपरेशनच्या धावपळीत ती सुटली. हॉस्पिटलच्या फायलीत बीपी आहे, शुगर आहे, हर्नियाचं जुनं ऑपरेशनसुद्धा आहे, पण ही गोळी नाही. कुणी विचारलं नाही, आणि आपल्याकडे असलं आपणहून कोण सांगतं?

ऑपरेशननं नसेवरचा दाब निघाला. पण दुखणं किती जाणवावं यात मेंदूचाही हात असतो. तिथून मणक्यात उतरणाऱ्या नसा दुखण्याचे संदेश दाबून धरतात, आणि त्यासाठी त्यांना सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन ही रसायनं लागतात. डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या याच रसायनांवर काम करतात. म्हणून मन खचलेलं असलं की तेवढीच जखम जास्त ठणकते. तुमचं दुखणं खरंच आहे, बाबा. डिप्रेशन असलेल्यांना मणक्याच्या ऑपरेशननंतर दुखणं जास्त राहतं, वेदनाशामकं लांबतात, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. फायदा त्यांनाही होतो. फक्त मनाचा उपचार सोबत चालू असावा लागतो.

दिवाळीत मी पाहिलंय. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हातावर भार देऊन उठायचं, हे फिजिओनं शिकवलेलं तुम्हाला छान जमतं. पण बसलात की दोन्ही हातांनी गादीची कड धरता आणि विचारता, "स्क्रू हलला तर?" मग परत आडवे. पडून राहिल्यानं स्नायू झिजतात, पाठ आखडते, दुखणं वाढतं आणि भीती आणखी पक्की होते. हाड जुळायला साधारण 6 ते 12 महिने लागतात. तोवर वाकणं आणि वजन उचलणं टाळायचं. चालायला मात्र सर्जननीच सांगितलंय.

आई, "मन घट्ट करा" असं त्यांना म्हणू नकोस. तू किती दमली आहेस ते कळतंय मला, पण ते ऐकून बाबा आणखी मिटतात. आणि जुनी गोळी परस्पर सुरू करू नका. आता दुखण्यासाठी ट्रामाडॉल चालू आहे. काही डिप्रेशनच्या गोळ्यांशी त्याचं जमत नाही. ते सायकियाट्रिस्टनंच ठरवायचं. नवी गोळी लागू पडायला काही आठवडे जातात, तेव्हा चार दिवसांत "फरक नाही" म्हणून बंद करायची नाही.

एक मात्र सगळं मनावर ढकलू नका. पायात नवा बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवीवरचा ताबा सुटणं, ताप, टाक्यांतून पाणी येणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनकडे. आणि बाबा परत "जगून काय करायचं" म्हणाले तर ऐकून सोडून देऊ नकोस. त्यांना एकटं ठेवू नकोस, मला लगेच उठव आणि 14416 लाव. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, दिवसरात्र चालू.

दुसऱ्या ऑपरेशनबद्दल काकांशी मी बोलते. सर्जन स्वतः त्याची गरज नाही म्हणताहेत, तर आधी हा उपचार नीट होऊ दे.

शनिवारी सकाळी पोचते. सोमवारची सायकियाट्रिस्टची वेळ घेऊन ठेवलीय. बाबा, मी सोबत आत येईन, पण बोलायचं तुम्ही. आई, जुन्या गोळीची पट्टी फेकू नकोस, डॉक्टरांना नाव आणि पॉवर लागेल.

तुमची,
लेक