मॅक्रोची एरर दाबू नका, वाचायला शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पतसंस्था, शाळा, हाउसिंग सोसायट्या, सीएंची ऑफिसं, कुठेही जा, एक्सेलच्या एखाद्या फाइलमध्ये कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेला मॅक्रो, म्हणजे ठरलेलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, असतोच. बटण दाबलं की व्याज निघतं, हजेरी भरते, मेंटेनन्सची बिलं तयार होतात, आणि लिहिणारा बहुतेक वेळा नोकरी सोडून गेलेला असतो. मग ऐन मार्च एंडिंगला स्क्रीनवर डबा येतो, 'रन-टाइम एरर ९, सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज', खाली एंड आणि डीबग अशी बटणं. लोक घाबरून एंड दाबतात आणि मॅक्रो परत चालवतात. इथेच घोळ होतो, कारण पहिल्या वेळी तो अर्ध्यापर्यंत जाऊन थांबलेला असतो, दुसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू होतो आणि मॅक्रो जर आधीच्या शिल्लकीत व्याज मिळवत असेल तर वरच्या खात्यांना व्याज दोनदा लागतं. मॅक्रोने केलेलं काम कंट्रोल-झेड दाबून मागे घेता येत नाही हे तर कित्येकांना माहीतच नसतं.

खरं तर त्या डब्यात बरंच काही सांगितलेलं असतं. एरर ९ म्हणजे ज्या नावाची शीट किंवा फाइल मागितली ती उघडलेल्यांत नाहीये, कुणीतरी शीटचं नाव बदललंय किंवा नावाच्या शेवटी एक स्पेस पडलीय. एरर १३, टाइप मिसमॅच, म्हणजे आकडा हवा तिथे कुणी '५०००/-' असं टाइप केलंय किंवा त्या सेलमध्ये आधीच एखाद्या फॉर्म्युल्याची एरर बसलीय. एरर ६, ओव्हरफ्लो, जुन्या मॅक्रोत हमखास येते, कारण ओळी मोजायला इंटिजर हा लहान आकड्यांचा प्रकार घेतलेला असतो, तो ३२,७६७ च्या पुढे जात नाही आणि आजच्या शीटमध्ये ओळी असतात १०,४८,५७६, तिथे लाँग हा मोठ्या आकड्यांचा प्रकार घेतला की प्रश्न मिटतो. एरर ९१ बहुतेकदा शीटमध्ये काही शोधायला फाइंड वापरल्यावर येते, शोधलेलं सापडलंच नाही आणि ते न तपासता कोड, म्हणजे मॅक्रोच्या लिहिलेल्या ओळी, पुढे गेला. १००४ मात्र सगळ्यात त्रासदायक, प्रोटेक्ट केलेल्या शीटपासून चुकीच्या रेंजपर्यंत कशालाही तीच येते, तिथे डीबग दाबून मॅक्रो जिथे अडला ती पिवळी झालेली ओळ बघण्याशिवाय इलाज नाही.

आता मूळ तक्रार. हे शिकवायच्या ऐवजी क्लासमध्ये, व्हिडिओत, ओळखीच्या 'कॉम्प्युटरवाल्या'कडून एकच उपाय मिळतो, वर 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' लिहून टाका, एरर येणं बंद होईल. येणं बंद होतं हे खरंय. पण त्या ओळीचा अर्थ काय तर चूक झाली तरी ती ओळ सोड आणि पुढे जा. फ्यूज उडतो म्हणून जाड तार घालण्यातलाच हा प्रकार. समजा व्याजाचा मॅक्रो एकेका सभासदाचा दर व्हीलुकअपने, म्हणजे यादीतून शोधून देणाऱ्या फॉर्म्युल्याने, शोधून एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे आकडा तात्पुरता ठेवायच्या जागेत, ठेवतोय, एका सभासदाचं खातं दराच्या यादीत नाहीच, एरर आली, ओळ सोडली गेली, आणि व्हेरिएबलमध्ये राहिला आधीच्या सभासदाचा दर. मग ह्याचं व्याज त्याच्या दराने निघालं. शून्य आलं असतं तर निदान डोळ्यात भरलं असतं, इथे आकडा अगदी शहाण्यासारखा दिसतो आणि बेरजेतही काही खटकत नाही!

ती ओळ वाईट आहे असं मी म्हणत नाही. फाइंड, व्हीलुकअप अशा एखाद्या ओळीपुरती ती घ्यावी, त्याच्या आधी व्हेरिएबल रिकामं करावं, लगेच खाली एरर आली का तपासावं आणि 'ऑन एरर गोटू झिरो' लिहून ती बंद करावी. पूर्ण मॅक्रोसाठी 'ऑन एरर गोटू' वापरून एरर आली की जिथे जायचं तो वेगळा भाग खाली करावा, त्या भागाच्या आधी मॅक्रो तिथेच संपवणारी 'एक्झिट सब' ही ओळ विसरू नये नाहीतर सगळं नीट झालं तरी कोड त्यात घुसतो, आणि तिथे एररचा नंबर, वर्णन आणि कुठल्या खात्यावर काम चालू होतं ते एका शीटवर लिहून ठेवावं. अजून एक, वेग वाढवायला मॅक्रो कॅल्क्युलेशन मॅन्युअल करतात, म्हणजे फॉर्म्युले आपोआप मोजणं थांबवतात, मध्येच एरर आली की ते मॅन्युअलच राहतं आणि लोक जुन्याच बेरजा प्रिंट करतात, म्हणून ते परत ऑटोमॅटिक करायची ओळ त्या भागातही हवीच.

आपल्या मराठीत काम करणाऱ्यांना तर एक वेगळाच त्रास. एक्सेलच्या शीटला 'हजेरी' असं नाव देता येतं, पण मॅक्रो लिहायच्या विंडोत देवनागरी टिकत नाही, तिथे नुसती प्रश्नचिन्हं उमटतात, आणि मग त्या प्रश्नचिन्हांच्या नावाची शीट सापडत नाही म्हणून परत एरर ९. अशा वेळी शीटचं आतलं कोडनेम, म्हणजे मॅक्रोच्या विंडोत दिसणारं तिचं इंग्रजी नाव, वापरावं किंवा नाव एखाद्या सेलमधून वाचावं. हे मराठीतून कुणी समजावून सांगितलं तर किती जणांचा वेळ वाचेल.

चूक गुपचूप गिळली गेली की काय होतं ते इंग्लंडने २०२० मध्ये बघितलंय. कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून सुटले, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या फॉरमॅटमध्ये भरली जात होती आणि त्यात ६५,५३६ च्या वर ओळी बसत नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला तो वेगळाच. तिथे वेळेवर एक एरर समोर आली असती तर बरं झालं असतं.

म्हणून क्लासेसना, कॉलेजांना माझी कळकळीची विनंती आहे की मॅक्रो रेकॉर्ड करायला शिकवता तसं एरर वाचायलाही शिकवा, परीक्षेत त्यावर प्रश्न ठेवा. ऑडिटरनीही व्याज मॅक्रोने काढत असाल तर चुका कुठे नोंदवता असं विचारावं, लोकांच्या ठेवींचा प्रश्न आहे. आणि ज्यांच्याकडे अशी फाइल आहे त्यांनी मार्चची वाट न बघता तिची एक कॉपी करावी, ऑल्ट-एफ११ दाबून टूल्स, ऑप्शन्स, जनरलमध्ये 'ब्रेक ऑन ऑल एरर्स' निवडावं आणि त्या कॉपीवर मॅक्रो चालवून बघावा, दाबून ठेवलेल्या सगळ्या एरर एकेक करून समोर येतील. काम झालं की सेटिंग पूर्ववत करावं.

आपला,
पतसंस्थेत हिशेबाचं काम बघणारा एक वाचक, सांगली