भुलीआधीची गोळी सगळ्यांना एकच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिरजेत ३० वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका म्हणून काम केलं, म्हणून ऑपरेशनआधी भीती कमी करायला दिल्या जाणाऱ्या गोळीबद्दल हे लिहिते आहे.

गुडघ्याची वाटी, हर्निया, प्रोस्टेट ही ऑपरेशनं बरेचदा कमरेत भुलीचं इंजेक्शन देऊन होतात. नातेवाईक म्हणतात, "अर्धीच भूल आहे, घाबरायचं काय?" पण पेशंट जागा असतो. मधे पडदा असला तरी हातोडीचा ठोका ऐकू येतो, टेबल हललेलं कळतं. कवठेमहांकाळकडच्या एका आजींनी इंजेक्शनच्या वेळी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की त्यांच्याच बांगड्या मला रुतल्या. पाठ ताठ, वाकताच येईना. सुई तीनदा टोचावी लागली. "बाई, मधेच उतरली तर?" एवढीच त्यांची भीती. मी सांगितलं, ऑपरेशन दीड तासाचं आहे, भूल त्याहून जास्त टिकते, आणि डॉक्टर उशाशीच बसून असतात. तेव्हा कुठे पकड सैल झाली. हे आदल्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं. झोपेची गोळी मात्र दिली होती.

माझा आक्षेप गोळीला नाही, सगळ्यांना तीच गोळी लिहिण्याला आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, मिडाझोलाम ही एका कुळातली औषधं. भीती खरोखर उतरते, त्या वेळचं पुढे फारसं आठवतही नाही. तरुण, धडधाकट माणसाला ती चालून जातात. म्हाताऱ्या माणसाला मात्र गुंगी येते, भ्रम होऊ शकतो. घोरून श्वास अडकणाऱ्याला तर धोकाच. सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांनी रात्री सलाईन उपसून काढलं आणि "बैलांना वैरण टाकली का?" म्हणून उठून निघाले. गोळीमुळेच झालं असं छातीठोकपणे म्हणणार नाही, वय आणि परकी जागा हीही कारणं असतात. पण ती गोळी त्यांना विचार करून दिलेली नव्हती, हे मला माहीत आहे.

पर्याय आहेत. मेलाटोनिन आपलं शरीरच रात्री तयार करतं. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात ते भीती कमी करण्यात वरच्या गोळ्यांच्या जवळपास बरोबरीचं दिसलं. प्रीगॅबालिनने भीतीबरोबर नंतरचं दुखणंही थोडं कमी होतं, पण चक्कर येते आणि मूत्रपिंड अधू असेल तर मात्रा कमी करावी लागते. क्लोनिडिन मुळात रक्तदाबाचं औषध. कमरेतल्या इंजेक्शननेही दाब उतरतो, तेव्हा दोन्ही मिळून फार उतरणार नाही ना, हे पाहावं लागतं. आणि गोळी प्रत्येकाला हवीच असंही नाही. २०१५ मध्ये फ्रान्समध्ये पूर्ण भुलीच्या हजारावर पेशंटांवर अभ्यास झाला. लोराझेपाम (वरच्याच कुळातलं औषध) घेतलेले लोक, न घेतलेल्यांपेक्षा जास्त समाधानी नव्हते.

भीती मोजायला सहा प्रश्नांची अ‍ॅम्स्टरडॅमची प्रश्नावली आहे. ती मराठीत वाचून दाखवायला पाच मिनिटंही लागत नाहीत. त्यातले दोन प्रश्न, पेशंटला आणखी माहिती हवी आहे का, एवढंच विचारतात. आपल्या आरोग्यपंढरीतल्या प्रत्येक वॉर्डात हे आदल्या संध्याकाळी व्हावं, अशी भूलतज्ज्ञांना आणि व्यवस्थापनांना कळकळीची विनंती.

नातेवाइकांनीही आपला माणूस घोरतो का, दारू किती घेतो, रोज कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे न लपवता सांगावं. घरात पडलेली झोपेची गोळी स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नये.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
मिरज, जि. सांगली