आधी झिरो बघ

शिरोली, कोल्हापूर
रविवार, रात्री

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो पप्पा, माहितीय" म्हणतेस आणि मला पुढं काही सुचत नाही. म्हणून मुलाखतीबद्दल लिहितोय. कागद इन्स्पेक्शन रिपोर्टचा पाठकोरा आहे, तेवढं चालवून घे.

तू व्हॉट्सॲपवर पाठवलेला रेझ्युमे तीनदा वाचला. पहिल्यांदा बाप म्हणून वाचला, तेव्हा छाती फुगली. तिसऱ्यांदा वाचला तो आमच्या ऑफिसातल्या त्या टेबलाच्या पलीकडं बसणारा माणूस म्हणून. तुला ठाऊक आहे, ट्रेनी घ्यायचे असले की मधे एचआरच्या मॅडम, शेजारी प्रॉडक्शनचे साहेब आणि कोपऱ्यात मी, अशी आमची बैठक असते. पोराला गेज धरता येतं का एवढंच बघायला मला बोलावतात. गेली अकरा वर्षं बघतोय. त्या कोपऱ्यातून तुझा रेझ्युमे वाचला आणि खरं सांगू, हा कुणाचा कागद आहे ते मला कळलं नाही.

"फौंड्रीत सहा आठवड्यांचं इनप्लांट ट्रेनिंग पूर्ण केलं, प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळाला." हे वाक्य तुझं नाही, अख्ख्या वर्गाचं आहे. गेल्या मोसमात मी ते वीसेक रेझ्युमेंत वाचलं असेल. आणि त्या सहा आठवड्यांत तू केलंस काय? गोकुळ शिरगावहून काळं तोंड घेऊन घरी यायचीस आणि जेवताना सांगायचीस, आठवतंय का? वितळलेल्या धातूच्या एका लॅडलमधून वाळूच्या साच्यांचे दहा बॉक्स ओतायचे आणि त्यातले काही ब्रॅकेट कोल्ड शटनं, म्हणजे धातू नीट न जुळल्यानं, रिजेक्ट व्हायचे. सगळे वाळूला नाही तर मोल्डरला नावं ठेवत होते. तू खडू घेतलास, बॉक्सवर ओतण्याच्या क्रमानं एक ते दहा आकडे टाकलेस, आणि नॉकआउटनंतर, साचे फोडल्यावर, कुठला तुकडा कुठल्या बॉक्सचा ते चार दिवस वहीत उतरवून ठेवलंस. खराब माल जवळजवळ सगळा नवव्या-दहाव्या बॉक्सचा निघाला. लॅडल शेवटाला येईपर्यंत धातू गार व्हायचा, पातळपणा जायचा, आणि साच्यात दोन्हीकडून आलेले प्रवाह एकजीव व्हायच्या आधीच गोठायचे. मग सुपरवायझरनी एका लॅडलला आठच बॉक्स लावले.

हे रेझ्युमेत कुठं आहे गं?

ते लिही. दोन ओळींत लिही, आकड्यांसकट. आणि ट्रेनिंगबद्दल विचारलं की तिथूनच सुरुवात कर, खडूपासून. कंपनीची स्थापना, एरिया, प्रॉडक्ट रेंज हे सांगत बसलीस तर साहेब मोबाइल बघायला लागतात, मी शेजारी बसून पाहिलंय. फक्त एक गोष्ट. "मी रिजेक्शन थांबवलं" असं म्हणू नकोस. तू नोंद केलीस, निर्णय सुपरवायझरचा होता, तसंच सांग. आणि एकदा खडू काढलास की पुढचे प्रश्न येणारच: धातू कुठला, ग्रेड कुठली, एका ब्रॅकेटचं वजन किती, ओतताना तापमान कोण मोजायचं, आठ बॉक्स केल्यावर लॅडलमधे उरलेल्या धातूचं काय केलं. ह्या शेवटच्याला पोरं अडकतात. तुझी ती निळी वही होस्टेलवर आहे ना? ती काढ. यूट्यूबवरचे "टॉप पन्नास प्रश्न" राहू देत.

आता जे तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही ते सांगतो.

१९९४ साल. आयटीआय फिटर होऊन मी एका मोठ्या कारखान्यात मुलाखतीला गेलो होतो. नाव राहू दे. मामाचा शर्ट घातलेला, बाह्या बोटांपर्यंत. मायक्रोमीटरचं लीस्ट काउंट, म्हणजे कमीत कमी किती मोजता येतं ते, विचारलं. मी घडाघडा म्हणून दाखवलं: पिच अर्धा मिलिमीटर, थिंबलवर पन्नास भाग, म्हणून ०.०१ मिलिमीटर. साहेब खूश. मग त्यांनी ड्रॉवरमधून मायक्रोमीटर काढला, एक पिन दिली, म्हणाले, मोज. मी मोजली. १२.०३. "नक्की?" "हो सर, नक्की." त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, दोन्ही तोंडं रुमालानं पुसली, रॅचेट फिरवून नुसताच बंद केला आणि माझ्यासमोर धरला. जिथं शून्य यायला हवं होतं तिथं तीन होते. पिन बरोब्बर बाराची होती. काही बोलले नाहीत, पुढच्या पोराचं नाव पुकारलं. तो पोरगा नंतर बाहेर नळावर भेटला. त्यानं मायक्रोमीटर हातात आल्या आल्या आधी बंद करून बघितला होता आणि "सर, ह्याला एरर आहे" म्हणाला होता. त्याला लीस्ट काउंटची व्याख्या धड आली नव्हती. नोकरी त्याला लागली. मी घरी येऊन सांगितलं, वशिल्याची भरती होती.

म्हणून मी आता काय करतो, तर पेनस्टँडशेजारी ब्लोहोल, म्हणजे ओतताना हवेनं पडलेलं भोक, असलेला एक कास्टिंगचा तुकडा ठेवतो. कुणाला त्याबद्दल काही विचारत नाही. बहुतेक पोरं त्याच्याकडं बघतही नाहीत, ताठ बसून मॅडमकडं बघतात, कारण "आय कॉन्टॅक्ट ठेवा" असं कुणीतरी शिकवलेलं असतं. मागं एक गारगोटीकडचा पोरगा आला होता. इंग्रजीची पार बोंब. प्रश्न चालू असतानाच त्यानं तो तुकडा उचलला, भोकात नख घालून बघितलं आणि मग लाजून खाली ठेवला. मी माझ्या कागदावर खूण केली. मॅडमचं मत वेगळं होतं, आमची थोडी वादावादी झाली. आज तो आमच्याकडं सॅण्ड टेस्टिंग बघतो.

इंग्रजीचं तुझं तसं बरं आहे, फक्त "मायसेल्फ सई" म्हणू नकोस, "आय ॲम सई" म्हण. अडलीस तर "मराठीत सांगू का?" असं सरळ विचार. शॉपफ्लोअरचा माणूस समोर असेल तर त्यालाच हायसं वाटतं.

येत नसेल तर येत नाही म्हण, पण तिथंच थांबू नकोस. कास्ट आयर्नमधे कार्बन किती असं मी एकाला विचारलं, त्यानं ठोकून दिलं, पॉइंट आठ. एक मुलगी म्हणाली, "नक्की आकडा आठवत नाही सर, पण स्टीलपेक्षा जास्त, दोन टक्क्यांच्या वर." मला तिचंच उत्तर पटलं. ती कुठून कुठं विचार करत गेली ते दिसलं.

छंद "वाचन" लिहिलायस. शेवटचं पुस्तक कधी वाचलंस? काढून टाक.

शिफ्टबद्दल विचारतीलच. "चालेल" म्हण, आणि लगेच विचार की सेकंड शिफ्ट सुटल्यावर बस कुठपर्यंत सोडते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लग्नाचं कुणी विचारलं तर "सध्या कामाचंच बघतेय सर" एवढंच. हा प्रश्न विचारू नये असं मी आमच्याकडं एकदा बोलून दाखवलं, तेव्हा साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. त्यानंतर माझ्यासमोर तरी विचारला नाही. वडील काय करतात म्हटलं की "सर्व्हिस" असं मोघम नको. फौंड्रीत क्वालिटीला आहेत म्हण.

सिलेक्शन झालं तर ॲप्रेंटिस म्हणून घेतायत का ट्रेनी म्हणून, हे लेटरमधे बघ, दोन्हीत फरक आहे. ॲप्रेंटिसचं वर्ष संपल्यावर कंपनीनं घेतलंच पाहिजे असं नसतं. बॉण्डवर तिथल्या तिथं सही करू नकोस, फोटो काढून मला पाठव. ओरिजिनल मार्कशीट दाखवायची आणि परत पिशवीत टाकायची, झेरॉक्स दे. आणि "डिपॉझिट" म्हणून कुणी एक रुपया जरी मागितला तरी उठून ये.

पूल कॅम्पस, सगळ्या कॉलेजांच्या एकत्र मुलाखती, सांगलीत आहे, तर सकाळची एसटी पकडायच्या भानगडीत पडू नकोस. पेठ नाक्यापासून पुढं किती वेळ लागेल ते ड्रायव्हरही सांगत नाही. आदल्या दिवशी विश्रामबागला मावशीकडं जा. प्लांट दाखवायला नेलं तर ओढणी मशीनजवळ चालत नाही, म्हणून साधा शर्ट आणि पॅण्ट घाल, केस घट्ट बांध, पायात बूट असू देत, सॅण्डल नको. शर्ट नवा घेऊ नकोस, ज्यात हात मोकळा वर जातो तो घाल.

डबा मावशीबरोबर पाठवलाय. वरच्या कप्प्यात शेंगदाण्याचे लाडू आहेत, आई म्हणते मुलाखत झाल्यावरच खा, दातात अडकतात. खालच्या कप्प्यात कापडात गुंडाळलेला माझा मायक्रोमीटर आहे. दोन दिवस हाताला सवय कर. पेन, तार, वहीचं पान, जे सापडेल ते मोज. त्याला थोडी एरर आहे. किती, ते मी सांगणार नाही. मोजून बुधवारी फोनवर सांग.

तुझा,
पप्पा