रणगाडा नव्हे, तोफखान्याची गाडी

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धावरील लेखातल्या फोटोखाली ‘जर्मन रणगाडा’ असे छापले आहे. फोटो नीट पाहावा. त्या गाडीला फिरता बुरूजच नाही, तोफ थेट पुढच्या चिलखतातून बाहेर आली आहे. ही ‘श्टुर्मगेशुट्झ’, म्हणजे हल्ल्यात पायदळासोबत जाणारी तोफ. माझी सगळी नोकरी तोफखान्यात झाली, म्हणून ही चूक मनाला लागली.

पहिल्या महायुद्धात पायदळ खंदक ओलांडून पुढे जाई आणि घोड्यांनी ओढायच्या तोफा चिखलात मागे राहत. समोर एखादे मशीनगनचे ठाणे शाबूत राहिले की हल्ला तिथेच थांबे. म्हणून 1935 मध्ये जर्मन लष्करी अधिकारी एरिक फॉन मानस्टाइन यांनी पायदळाला स्वतःच्या बळावर चालणारी चिलखती तोफ द्या, असा आग्रह धरला. 1936 मध्ये डाइमलर-बेंझकडे काम आले. पँझर-3 रणगाड्याच्या सांगाड्यावर बुरुजाऐवजी 75 मिमीची आखूड तोफ बसवली आणि 1940 मध्ये मोजक्या गाड्या फ्रान्सच्या लढाईत उतरल्या.

माझा नातू याच गाडीचे प्लॅस्टिकचे मॉडेल जोडत होता. ‘आजोबा, तोफ वळतच नाही, तुटली का?’ तुटली नव्हती. खऱ्या गाडीतही ती दोन्ही बाजूंना जेमतेम दहा-बारा अंश वळायची. त्याहून जास्त वळवायची तर चालकाला अख्खी गाडीच वळवावी लागे. पण बुरूज नाही म्हणून गाडी स्वस्त पडली, आणि उंची सहा-सात फूट, आपल्याकडच्या उभ्या ज्वारीत दडेल एवढीच. रशियात तिथल्या टी-34 रणगाड्यांपुढे आखूड तोफ कमी पडली, तेव्हा 1942 मध्ये लांब नळीची तोफ आली आणि ही गाडी रणगाडे फोडू लागली. दहा हजारांच्या आसपास बनल्या.

आत चौघे. सुरुवातीपासून ही माणसे तोफखान्याची, गणवेशही करडा, रणगाडेवाल्यांचा काळा.

आपल्या तोफखान्यातही विजयंता रणगाड्याच्या सांगाड्यावर 130 मिमीची तोफ चढवलेली ‘कॅटापल्ट’ होती. तिचे काम वेगळे, दूरवर मारा करण्याचे. पण बुरूज तिलाही नव्हता, आणि आम्ही तिला कधी रणगाडा म्हटले नाही. गोलंदाज हा शब्द मूळचा तोफ डागणाऱ्याचा. फोटोतले चौघे गोलंदाजच होते. येत्या रविवारी तेवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त सुभेदार, धानोरी, पुणे