कर्जबाजारी घराचे सगळे देणेकरी एका टेबलाशी बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय लोक अदालत झाली की इतकी प्रकरणे निकाली निघाली, इतक्या कोटींची तडजोड झाली, अशी बातमी आपल्या अंकात येते. बातमी खरी असते. त्या दिवशी न्यायाधीश, वकील, बँकांची माणसे सकाळपासून कशी राबतात, हेही मी पाहिले आहे. तरीही प्रकरण निकाली निघाले म्हणजे घर मोकळे झाले असे होत नाही, म्हणून हे पत्र.

मी इंदूरमध्येच एका बँकेच्या कर्जविभागात नोकरी केली. निवृत्तीनंतर लोकमान्य नगर आणि आसपासची माणसे नोटिसा घेऊन माझ्याकडे येतात. मी त्या वाचून समजावते, उत्तराचा मसुदा करून देते.

दिवाळीनंतर एक जोडपे आले होते. नवऱ्याचे झेरॉक्स आणि फ्लेक्स छपाईचे दुकान, बायको ब्लाउज शिवते. दोघांचे मिळून महिन्याला ३४ हजार हाती येतात. घरकर्जाचा हप्ता १४ हजार, छपाईच्या मशीनचा ९ हजार. शिवाय बायकोच्या नावावर महिला गटाचे कर्ज, क्रेडिट कार्ड, मोबाइल अ‍ॅपवरून घेतलेली दोन कर्जे, आणि सासूबाईंच्या आजारपणात एका खासगी माणसाकडून शेकडा तीनने, म्हणजे दर महिन्याला ३ टक्क्यांनी, उचललेले ८० हजार. सगळे देणे महिन्याला ४० हजारांच्या घरात जाते. किराणा, वीज, मुलीची फी यातले काहीच अजून धरलेले नाही.

यातल्या क्रेडिट कार्डाचे प्रकरण लोक अदालतीत गेले. १ लाख ७० हजारांची बाकी होती, ९० हजार एकरकमी भरा आणि सुटा, असे ठरले. कागदावर उत्तम तडजोड. पण ते ९० हजार आले त्याच खासगी माणसाकडून, त्याच दराने. आता या घराला दरमहा २,७०० रुपये नुसते व्याज जास्तीचे जाते, मुद्दल जागच्या जागी. नोंदवहीत मात्र एक प्रकरण कमी झाले.

यात त्या दिवशी खंडपीठावर बसलेल्यांचा काही दोष नाही. लोक अदालत १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने चालते. तिचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतका पक्का, त्यावर अपील नाही, भरलेली कोर्ट फी परत मिळते. दोन पक्षांचा वाद मिटवायला याहून सोपी जागा आपल्या देशात नाही. पण या जोडप्यासमोर सात देणेकरी उभे आहेत आणि उत्पन्न एकच आहे. सहांना बाहेर ठेवून सातव्याशी केलेली तडजोड टिकेल कशी?

अशा घरात आधी कोणाचे फेडायचे, ते धमकी ठरवते. दारात येऊन आवाज चढवणारा आणि नातेवाइकांना फोन लावणारा आधी पैसे नेतो. ज्याचे व्याज सगळ्यात कमी, त्या घरकर्जाचा हप्ता मागे राहतो आणि नेमके घरच जाते. तीन हप्ते थकले की खाते बुडीत, मग सरफेसी कायद्याची, म्हणजे कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या कायद्याची, ६० दिवसांची नोटीस. तिला लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते, हे बहुतेकांना कोणी सांगत नाही. ताबा घेण्यापर्यंत गोष्ट गेली की दाद मागायची कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, आणि ते आहे जबलपूरला. दुकान बंद ठेवून इंदूरहून जबलपूरच्या तारखा कोण करणार?

आपल्याकडे कायदा लिहिलेलाच नाही असे नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत सामान्य माणसासाठी ‘नवी सुरुवात’ नावाची तरतूद आहे. तिच्या अटी वाचून मन विषण्ण होते: वर्षाचे उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, माफ होऊ शकणारे कर्ज ३५ हजारांपर्यंत, आणि स्वतःचे घर नको. एवढी तोकडी तरतूदही सामान्य कर्जदारासाठी लागू केलेली नाही. २०१९ मध्ये त्या संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. इंदूरच्या शिंप्याला किंवा रिक्षावाल्याला अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच आहे, ज्यात ५०० रुपयांचे कर्ज हा उंबरठा आहे.

फ्रान्सने १९८९ च्या अखेरीस यासाठी वेगळा कायदा केला. तिथे जिल्ह्याजिल्ह्यांत आयोग आहेत, त्यांचे कामकाज मध्यवर्ती बँक पाहते आणि अर्जाला फी नाही. अर्ज दाखल करून घेतला की जप्त्या थांबतात. घर चालवायला लागणारी रक्कम आधी बाजूला काढतात, उरलेल्यातून सगळ्यांचे हप्ते बांधतात, साधारणपणे जास्तीत जास्त सात वर्षांचे. बेल्जियममध्ये १९९८ च्या कायद्यानुसार न्यायाधीश एक मध्यस्थ नेमतो आणि कर्जदाराचे उत्पन्न त्याच्या हातून वाटले जाते.

प्रामाणिकपणे हप्ते भरणाऱ्यांनी काय पाप केले, असे मला विचारतात. रास्त प्रश्न आहे. पण आज प्रामाणिक बँकेच्या वाट्याचेच पैसे दांडगाई करणारा नेतो. सगळे समोरासमोर बसले तर बँकेला आजच्यापेक्षा जास्तच मिळेल.

दिल्लीत कायदा बदलेल तेव्हा बदलेल. इंदूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला माझी कळकळीची विनंती आहे की महिन्यातला एक दिवस फक्त कर्जबाजारी घरांसाठी ठेवावा. खटला दाखल होण्याआधीची प्रकरणे लोक अदालतीत घेता येतातच. एका घराच्या सगळ्या देणेकऱ्यांना एकाच वेळी बोलवावे, घराचा जमाखर्च एका पानावर समोर ठेवावा, घरखर्च आधी वजा करावा, आणि बोलणी चालू असेतो वसुली थांबवायला सगळ्यांची संमती घ्यावी. खासगी सावकार येणार नाही म्हणाला, तर त्याच्याकडे परवाना आहे का, हे तरी त्या निमित्ताने कळेल.

तोवर वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. बँकेच्या वसुली एजंटाला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही; गटकर्जात ही वेळ ९ ते ६ आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर विचारावे. आणि पैसे घेऊन कर्जमाफीचे प्रमाणपत्र देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये, रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्येच याबाबत सावध केले आहे.

प्राधिकरणाने दिवस आणि जागा ठरवली तर घरांचे जमाखर्च मांडून द्यायला मी येईन. माझे काही निवृत्त सहकारीही तयार आहेत, मोबदला नको. शहरातल्या मराठी मंडळांनी आपापल्या भागातून आणखी माणसे द्यावीत.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
लोकमान्य नगर, इंदूर