‘बॉर्न अगेन’ म्हणजे पुनर्जन्म नव्हे

महोदय,

रॉक संगीतकारांच्या मुलाखती मराठीत येतात तेव्हा वाद्ये, दौरे, अल्बम यांचा तपशील बहुधा बरोबर असतो. घोटाळा होतो तो कलाकार आपल्या ख्रिस्ती श्रद्धेविषयी बोलू लागला की. तिथे भाषांतर घाईत उरकलेले असते आणि मथळा तर त्याहूनही घाईत.

सर्वांत मोठी चूक ‘बॉर्न अगेन’ची. त्याचे ‘पुनर्जन्म’ केले की वाचकाला मरणोत्तर दुसरा देह आठवतो. मूळ कल्पना योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातली. येशू नव्याने जन्मण्याविषयी बोलतो, तेव्हा म्हाताऱ्या माणसाने पुन्हा आईच्या उदरात कसे जायचे, असे निकदेम नावाचा ज्यू धर्मशिक्षक विचारतो. म्हणजे शब्दशः अर्थ घेण्याची चूक त्या संवादातच दाखवलेली आहे! अर्थ आहे श्रद्धेमुळे याच आयुष्यात आतून नव्याने सुरुवात होणे, आणि त्याला ‘नवा जन्म’ हा नेमका मराठी शब्द आहे. तसेच ‘टेस्टिमनी’ म्हणजे साक्ष, आपल्या श्रद्धेचा अनुभव इतरांना सांगणे, आणि ‘सॅल्व्हेशन’ म्हणजे तारण, पापातून सुटका. तिथे ‘मोक्ष’ लिहिले की वाक्य वेगळ्याच तत्त्वज्ञानात जाऊन बसते. बायबलच्या मराठी भाषांतरात हे शब्द केव्हाच रुळले आहेत, ते नव्याने घडवावे लागत नाहीत.

‘धर्मांतर’ हा मथळ्याचा दुसरा लाडका शब्द. रॉक गायक ॲलिस कूपरचे वडील धर्मोपदेशक होते. १९८० च्या दशकात दारू सुटल्यानंतर तो लहानपणच्या श्रद्धेकडे परतला, म्हणून त्याच्या बाबतीत हा शब्द साफ चुकीचा. बॉब डिलनचे तसे नाही. तो ज्यू कुटुंबातला. नोव्हेंबर १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरात त्याने १४ कार्यक्रम केले आणि जुने एकही गाणे न गाता फक्त नवी भक्तिपर गाणी गायली. पुढच्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिस टाइम्सशी तो ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारण्याच्या या अनुभवाविषयी बोलला. मात्र तेव्हाचे त्याचे उद्गार आजच्या लेखात तारखेविना घातले तर वाचकाची फसवणूक होते. कॉर्न या अमेरिकी मेटल बँडचा गिटारवादक ब्रायन वेल्च श्रद्धेपायी २००५ मध्ये बँड सोडून गेला हे सगळे छापतात. २०१३ मध्ये तो त्याच बँडमध्ये परतला, तेही श्रद्धा न सोडता, हे वाक्य मात्र गळते.

जागेअभावी उत्तर कापताना प्रश्न कापू नये, कारण उत्तराचा तोल प्रश्नावर असतो. जॉन लेनन काही श्रद्धेची साक्ष देत नव्हता, पण धडा त्याच्याच मुलाखतीतून घ्यावा. बीटल्स येशूपेक्षा लोकप्रिय असल्याचे त्याचे विधान ४ मार्च १९६६ रोजी लंडनच्या इव्हिनिंग स्टँडर्डमधल्या लांबलचक लेखात आले, तेव्हा ब्रिटनमध्ये फारशी खळबळ झाली नाही. जुलैअखेर एका अमेरिकी मासिकाने त्या मुलाखतीतला हा भाग ठळकपणे पुढे केला, आणि रेकॉर्डच्या होळ्या पेटल्या. ११ ऑगस्टला शिकागोत पत्रकारांपुढे लेननला खुलासा करावा लागला.

‘ख्रिश्चन बँड’ ही चिठ्ठीही विचारल्याशिवाय चिकटवू नये. इव्हॅनेसन्स या अमेरिकी रॉक बँडचा ‘फॉलन’ अल्बम २००३ मध्ये ख्रिस्ती दुकानांतही विकला जात होता. बँडच्या सदस्यांनी एका मुलाखतीत हे नाते झिडकारले आणि रेकॉर्ड कंपनीनेच त्या दुकानांतून अल्बम परत मागवला. उलट स्ट्रायपर या मेटल बँडने आपली ख्रिस्ती ओळख उघडपणे सांगितली. त्यांच्या बोधचिन्हात बहुधा बायबलमधला यशया ५३:५ हा संदर्भच असतो. जुन्या इंग्रजी बायबलमध्ये त्या वचनात ‘स्ट्राइप्स’ शब्द आहे. त्याचा तिथला अर्थ फटक्यांचे वळ, आणि पिवळे-काळे पट्टे मिरवणारा हा बँड आपले नाव त्याच शब्दाशी जोडतो. नुसते ‘पट्टेदार कपडे’ असे भाषांतर झाले की नावाचा सगळा अर्थ जातो.

म्हणून मुलाखत घेणाऱ्याने किंवा भाषांतर करणाऱ्याने संदर्भाचे मूळ वचन समोर ठेवावे. यू-टू या आयरिश रॉक बँडचे ‘४०’ हे १९८३ च्या ‘वॉर’ अल्बममधले शेवटचे गाणे. देवाची वाट पाहणारा, चिखलातून काढून खडकावर उभा केलेला माणूस त्यात आहे, तो बायबलच्या चाळिसाव्या स्तोत्रातला. पण श्रोते ज्या ओळीवर सूर धरतात, ते ‘कुठवर?’ चाळिसाव्यात सापडत नाही. ते सहाव्या स्तोत्रातून आले आहे. दोन्ही स्तोत्रे वाचायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

आपले,
काही नियमित वाचक